न आलेल्या कार्डाचं गणित

मंडळी, अफवांवर बोलायचं म्हटलं की लोक खोट्या अफवांपासून सुरुवात करतात. मी एका खऱ्या अफवेपासून करतो.

२०२० साली एनव्हिडिया या चिप कंपनीचं आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकावरच्या खेळांची चित्रं उमटवणारं कार्ड, यायचं होतं, आणि त्याच्याबद्दल एकच आकडा सगळीकडे फिरत होता: ५,२४८ कुडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग. १ सप्टेंबरला कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी कार्ड दाखवलं. माहितीपत्रकावर आकडा होता १०,४९६. बरोबर दुप्पट. त्याच्या धाकट्या भावंडाचं, ३०८०चंही तसंच झालं. कुजबुज होती ४,३५२ची, जाहीर झाले ८,७०४. वरवर पाहिलं तर वाटेल, की लीक करणारे तोंडघशी पडले. पण त्यांनी मोजणीत काडीचीही चूक केली नव्हती. चिपवर एसएम नावाचे गट असतात. ३०९०मध्ये ते ८२ होते आणि हे त्यांना नेमकं कळलं होतं. आधीच्या ट्युरिंग पिढीत एका एसएमचे ६४ कोअर धरत. ८२ गुणिले ६४ करून पाहा, ५,२४८ येतात. एनव्हिडियाने केलं काय, तर एसएममध्ये फक्त पूर्णांकांची आकडेमोड करणारा जो मार्ग होता, त्याला फ्लोटिंग पॉइंटचीही, म्हणजे दशांशातल्या आकड्यांचीही, कामं करता येतील अशी सोय केली. कागदावर एका एसएमचे ६४चे १२८ झाले.

आता यात गंमत अशी, की जाहीर झालेला आकडा अफवेपेक्षा मोठा होता, पण फसवा तोच जास्त होता. आधीच्या पिढीच्या २०८०मध्ये २,९४४ कोअर, ३०८०मध्ये ८,७०४, म्हणजे जवळजवळ तिप्पट. खेळांतला वेग सरासरीने दुपटीलाही पोचला नाही. तो मार्ग पूर्णांकांच्या कामात अडकला की फ्लोटिंग पॉइंटसाठी मोकळा नसतो, हे साधं कारण.

दोन वर्षांनी हीच गोष्ट उलटी घडली. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या 'नवी ३१' नावाच्या चिपबद्दल अफवा होती १२,२८८ शेडरची. शेडर म्हणजे एएमडीच्या भाषेत कोअर. त्याआधी तर १५,३६० म्हणत होते. नोव्हेंबर २०२२मध्ये आरएक्स ७९०० एक्सटीएक्स जाहीर झालं, तेव्हा एएमडीने लिहिलं ६,१४४. अर्धे! इथेही चिप तीच, ९६ कॉम्प्युट युनिटची, म्हणजे एएमडीच्या तसल्याच गटांची. प्रत्येक शेडर काही परिस्थितीत एका फेरीत दोन आज्ञा हाताळू शकत होता. एका कंपनीने असं दुपटीकरण मोजलं, दुसरीने मोजलं नाही. त्यामुळे लीकमधला आकडा खरा की खोटा एवढंच विचारून भागत नाही. तो कशाचा आकडा आहे, हे विचारावं लागतं, आणि अफवा पुढे ढकलताना नेमका तोच प्रश्न गळून पडतो.

या बातम्या येतात कुठून? कार्ड एका खोलीत बनत नाही. चिप कंपनीची, पण बोर्ड, पंखे, हीटसिंक बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि त्यांना आकारमान, मेमरीची मांडणी, विजेची गरज कित्येक महिने आधी कळावी लागते. लिनक्ससाठीचा ड्रायव्हर एएमडी उघड्यावरच लिहिते, तेव्हा नव्या चिपची नावं तिथे आपोआप उमटतात. कुणीतरी चाचणीचं कार्ड इंटरनेटला जोडलेल्या संगणकात घालून बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्रॅम, चालवतो आणि निकाल वर चढवून बसतो. कधी सरळ दरोडा पडतो. फेब्रुवारी २०२२मध्ये एनव्हिडियाच्या संगणकांत घुसखोरी झाली, आणि पुढे आरटीएक्स ४०९०मध्ये येणाऱ्या एडी१०२ चिपमध्ये १४४ एसएम आणि ९६ एमबी एल२ कॅश, म्हणजे चिपवरचीच जलद मेमरी, आहे, हे सहा-सात महिने आधी चव्हाट्यावर आलं. ते खरं निघालं.

खरं का निघालं? कारण ते तोवर ठरून गेलेलं होतं. माझ्या मते अफवा ऐकण्याची गुरुकिल्ली हीच आहे: ती गोष्ट ठरली केव्हा? चिपचा आराखडा कारखान्यात गेला की एसएम किती, मेमरीचा बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, किती रुंद, हे दगडावरची रेघ. त्यातले किती एसएम चालू ठेवायचे हे त्यानंतर ठरतं. ४०९०मध्ये १४४पैकी १२८च चालू आहेत. घड्याळाचा, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा, वेग आणखी नंतर. वीज तर जवळजवळ शेवटी, कारण वीज म्हणजे फर्मवेअरमध्ये, कार्डातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलेली एक मर्यादा आहे, बोर्ड सोसेल तिथवर ती वरखाली करता येते.

४०९०चंच घ्या. २०२२च्या पूर्वार्धात ६०० वॅटची आवई उठली. त्या पिढीच्या एखाद्या कार्डाला ९०० वॅट लागतील, असंही म्हणत होते. घराच्या वायरिंगची चेष्टा करून झाली. सप्टेंबरमध्ये कार्ड जाहीर झालं ते ४५० वॅटचं. मग अफवा खोटी? कार्डांचा आकार पाहा. साडेतीन स्लॉट खाणारे, विटेसारखे हीटसिंक. काही मॉडेलांत मर्यादा ६०० वॅटपर्यंत वाढवण्याची मुभा होती. ४५० वॅटसाठी एवढं धातू कुणी लावत नाही. थंड करण्याची तयारी आधी झाली, मर्यादा नंतर खाली आली, असंच त्या विटा पाहून वाटतं. आणि ती खाली आणणं शहाणपणाचंच होतं. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी शंभर-दीडशे वॅट मोजावे लागतात.

सगळ्यात शेवटी ठरते किंमत. २०१९मध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटीची किंमत ४४९ डॉलर जाहीर केली आणि विक्रीला दोन दिवस उरले असताना ती ३९९ केली. स्वतः जाहीर केलेली किंमत! एनव्हिडियाने सप्टेंबर २०२२मध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० जाहीर केलं ८९९ डॉलरला. ओरड इतकी झाली, की १४ ऑक्टोबरला ते कार्ड मागे घेतलं, आणि जानेवारीत तीच चिप ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला आली. जिथे कंपनीचा शब्द दोन दिवस टिकत नाही, तिथे सहा महिने आधी कुणी किंमत सांगत असेल, तर ऐकावं आणि सोडून द्यावं. बाजारात तुरी, आणि आपण डाळीच्या भावावरून भांडतो.

आता थोडं गणित करू, फळ्यावरच. अफवा तपासायला कुणाच्या आतल्या गोटातल्या माणसाची गरज नसते. मेमरीची एक चिप ३२ बिट रुंदीच्या वाटेला जोडलेली असते. बस २५६ बिटचा असेल तर चिपा आठ. प्रत्येकी २ जीबीच्या धरल्या तर १६ जीबी. म्हणून २५६ बिट आणि २० जीबी अशी बातमी आली, की ती लिहिणाऱ्याने भागाकार केलेला नाही एवढं समजायचं. ग्राफिक्स कार्डांसाठीच्या मेमरीच्या नव्या पिढीत, जीडीडीआर७मध्ये, ३ जीबीच्या चिपा आल्या आणि त्याच आठ जागांवर २४ जीबी बसू लागले. आरटीएक्स ५०९०च्या लॅपटॉप आवृत्तीत नेमकं हेच आहे. डेस्कटॉपच्या ५०९०चा बस ५१२ बिटचा, चिपा सोळा, प्रत्येकी २ जीबी, एकूण ३२. पुढच्या पिढीत तोच बस आणि ३ जीबीच्या चिपा म्हटलं तर ४८. बस ३८४वर आणला तर ३६. पुढच्या बड्या कार्डाच्या मेमरीबद्दल जे आकडे कानावर येतील ते या मोजक्या घरांत बसले पाहिजेत. बसत नसतील तर चहा प्या आणि पुढे जा.

दुसरा हिशेब वेगाचा. ५०९० यायच्या आधी ७० टक्के, दुप्पट, काय वाटेल ते बोललं जात होतं. पण कोअर २१,७६० असल्याचं कानावर होतं, आणि चिप टीएसएमसीच्या, म्हणजे चिपा बनवून देणाऱ्या तैवानी कंपनीच्या, ४०९०वाल्याच ५ नॅनोमीटर घराण्यातल्या प्रक्रियेवर बनणार हेही. २१,७६० भागिले ४०९०चे १६,३८४, म्हणजे ३३ टक्के जास्त. प्रक्रिया तीच, म्हणजे ट्रान्झिस्टर फारसे लहान होणार नाहीत, घड्याळ फारसं वाढणार नाही, वीजही कोअरच्या प्रमाणात वाढणार. झालं काय? वीज ४५०वरून ५७५, म्हणजे २८ टक्के वर. ४के खेळांत वेग साधारण तीस टक्क्यांच्या आसपास. मेमरीचा झोत मात्र सेकंदाला १,००८ जीबीवरून १,७९२वर गेला. तो फायदा खेळांपेक्षा एआयची मॉडेलं चालवणाऱ्यांना जास्त झाला. चिपचा आकार ७५० चौरस मिलिमीटर. छपाईचं यंत्र एका दमात जास्तीत जास्त ८५८ चौरस मिलिमीटर उमटवू शकतं. म्हणजे चिप आणखी मोठी करायला जागाच फारशी उरलेली नाही. पुढच्या पिढीत मोठी उडी हवी असेल तर प्रक्रिया बदलावी लागेल. म्हणून पुढच्या पिढीची बातमी वाचताना मी कोअरच्या आधी तीन नॅनोमीटर हे शब्द शोधतो.

अपेक्षा मात्र असल्या भागाकारातून वाढत नाहीत. कंपन्याच त्यांना खतपाणी घालतात. जानेवारी २०१७मध्ये एएमडीने 'वेगा' नावाच्या आपल्या येणाऱ्या कार्डांच्या जाहिरातीत 'बिचारा व्होल्टा' असा एनव्हिडियाच्या पुढच्या पिढीला, व्होल्टाला, टोमणा मारला होता. ऑगस्टमध्ये वेगा ६४ आलं, ते मे २०१६च्या जीटीएक्स १०८०च्या बरोबरीला. जानेवारी २०२५मध्ये हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९०ची कामगिरी देईल. त्यात एआयने मधल्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम धरल्या होत्या. पुन्हा तेच, आकडा कशाचा? अशा वातावरणात वर्षभर राहिलं की चांगलं कार्डही पडेल वाटतं. मी स्वतः एका कार्डासाठी वर्षभर थांबलो होतो. कोणतं ते सांगत नाही, समोर काही ओळखीचे चेहरे हसताहेत.

पुढच्या पिढीकडे येतो. जून २०२४मध्ये तैवानमधल्या कॉम्प्युटेक्स या संगणक प्रदर्शनाच्या वेळी हुआंग यांनी डेटा सेंटरसाठीच्या २०२६च्या पिढीचं नाव सांगितलं, रुबिन. हे नाव खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांचं. त्यांनी दीर्घिकांचं फिरणं मोजलं आणि न दिसणाऱ्या वस्तुमानाचा भक्कम पुरावा पुढे आणला. दिसत नाही, पण त्याच्यामुळे बाकीचं कसं हलतं त्यावरून ओळखायचं. लीकवाल्यांना याहून शोभेल असं नाव सापडायचं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये रुबिन सीपीएक्स नावाची चिप जाहीर झाली, १२८ जीबी जीडीडीआर७ असलेली. एआयसाठीचीच, पण मेमरी गेमिंग कार्डांच्या जातीची. साहजिकच हीच चिप उद्या गेमिंग कार्डात दिसेल, असे तर्क सुरू झाले. तर्क म्हणून वाईट नाही, पण आहे तर्कच.

तर्काला वेसण घालणारी गोष्ट पैशाची आहे. एनव्हिडियाच्या आर्थिक वर्ष २०२२मध्ये गेमिंगचं उत्पन्न सुमारे १२.५ अब्ज डॉलर होतं आणि डेटा सेंटरचं १०.६. तीन वर्षांनी गेमिंग ११.४ आणि डेटा सेंटर ११५.२. टीएसएमसीच्या कारखान्यातली जागा आणि मेमरीच्या चिपा दोघांना त्याच भांड्यातून घ्यायच्या आहेत. गेमिंगचं बडं कार्ड केव्हा येईल, हे पूर्वी प्रतिस्पर्धी काय करतो यावर ठरायचं. आता ते एआयची भूक भागल्यावर भांड्यात काय उरतं यावर ठरेल, असं मला वाटतं. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले आणि लगेच ५० मालिकेच्या वाढीव मेमरीच्या कार्डांबद्दलच्या बातम्यांचा सूर 'लवकरच'वरून 'लांबणीवर' असा बदलला.

प्रतिस्पर्धी म्हणाल, तर एएमडीने सप्टेंबर २०२४मध्ये उघडच सांगितलं, की सगळ्यात वरच्या टोकाला सध्या तिचं प्राधान्य नाही. ही अफवा तर वर्षभर आधी आली होती आणि तेव्हा तिला खोडसाळ ठरवणारे कमी नव्हते. तिचं ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं, चांगलं आलं, पण ५०९०च्या वाटेला गेलं नाही. पुढे गेमिंग आणि डेटा सेंटरची रचना एकत्र करून यूडीएनए आणायचं एएमडीने सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये सोनीबरोबर रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र उमटवण्यासाठी, वेगळे रेडियन्स कोअर, डेटा दाबून पाठवण्याची नवी पद्धत, असं काही दाखवलं. त्यातून वरच्या टोकाचं कार्ड निघेल का, यावर ज्याला हवं ते बोलायला रान मोकळं आहे.

मागून चिठ्ठी आली आहे, पुढचं कार्ड ८०० वॅटचं असेल का? कनेक्टर पाहा. सोळा पिनांचा एक कनेक्टर ६०० वॅटचा, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५, एकूण ६७५. त्याहून जास्त हवं तर दोन कनेक्टर लावावे लागतील. दोनवाली कार्डं निघालीही आहेत, पण ती ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे ठरल्याहून जास्त वेगाने कार्ड पळवण्याच्या, हौशींसाठी. ४०९०च्या वेळी हा एकच कनेक्टर नीट न बसल्याने वितळल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यानंतर त्याच्या पिनांची लांबी बदलून १२व्ही-२x६ ही सुधारित आवृत्ती आणावी लागली. तेव्हा ८०० वॅटची बातमी आली, तर तिच्यात बोर्डाचा फोटो आहे का आणि त्यावर कनेक्टरच्या जागा किती आहेत, तेवढं मोजा. जागा एकच असेल, तर ८००चं काय ते तुम्हीच ठरवा. पुढची चिठ्ठी?