मिरगाच्या आधी

(दृश्य: पहाट, मालवणचा किनारा, उजेड फुटायच्या आधीची होडी)

सकाळचे साडेपाच. समुद्र अजून राखाडी आहे, आणि किनाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं दोन रांगा करून दोरखंड ओढतायत. बोलत फारसं कोणी नाही. पाय वाळूत रुतवायचे, अंग मागे टाकायचं, दोन पावलं मागे, परत पुढे जाऊन दोर धरायचा. याला रापण म्हणतात. होडीतनं जाळं अर्धगोलात सोडून येतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग तास-दीड तास नुसतं ओढायचं. आपण मोबाईल काढून व्हिडिओ करत उभे असतो तेवढ्यात रांगेतला एखादा म्हातारा वळून बघतो आणि म्हणतो, "झिला, बघतस काय, हात लाव मरे."

हात लावायचा. कोकणातल्या मे महिन्याची याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

दोर ओला असतो, खरखरीत, तळहात दहा मिनिटांत लाल होतात. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत जातात, वर घारी घिरट्या घालायला लागल्या की समजायचं जाळं जवळ आलं. आणि मग शेवटचं ते पोतं वाळूवर येतं, आत चांदी उडत असते नुसती, पेडवे, तारल्या, नशीब असेल तर बांगडे, मध्येच एखादा फुगलेला केंड मासा जो कोणालाच नको असतो. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला, मालवणीत वाटो. पाहुण्यालाही कधी चार बांगडे हातावर ठेवतात, नको म्हणू नका, राग येतो. कधी मात्र दीड तास ओढून पाटीभर पण मासळी निघत नाही आणि मग कोणी काही बोलत नाही, जाळं झटकतात आणि परत होडीत भरतात. पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं लावणाऱ्या, आणि एलईडीवाल्या, म्हणजे रात्री दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या बोटींबद्दल विचारा मग, पुढचा अर्धा तास तुम्हाला फक्त ऐकायचंय. एलईडी लावून मासेमारी करायला बंदी २०१७ पासून आहे. रात्री समुद्राकडे बघा आणि काय ते ठरवा.

(दृश्य: दिवस वर आलेला, अंगणात वाळत घातलेली आमसुलं, पत्र्यावर सुके बांगडे)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपण मे महिन्यात इथे येतो ते आराम करायला. पण हा अख्खा किनारा या दिवसांत घाईत असतो. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागतं, इथे त्याला मिरग म्हणतात, आणि मिरगाच्या आधी सगळं उरकायचं असतं. मासे सुकवायचे, आमसुलं घालायची, आंबा उतरवायचा, लाकडं आत घ्यायची, घर शाकारायचं, होड्या वर काढायच्या, आणि त्यातच मुंबईहून चाकरमानी आलेले, त्यांची लग्नं, त्यांच्या पूजा. त्यामुळे बघायला काय आहे असं कोणी विचारलं तर मी सांगतो, ही घाई बघा. जमलं तर तिच्यात घुसा.

अर्थात किल्ला बघायचाच. सिंधुदुर्ग न बघता मालवणहून परत गेलात तर घरचे काय म्हणतील. धक्क्यावरनं होडी मिळते, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. आणि गंमत अशी की होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलाय. कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरुवात झाली, शिवाजी महाराजांनी मुहूर्ताची पूजा केली ती जागा, मोरयाचा धोंडा, मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे, होडीत बसायच्या आधी तिथे जाऊन या, बहुतेक लोक जात नाहीत. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत. आणि मला सगळ्यात भारी वाटतात त्या विहिरी, दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर. चारी बाजूंना खारं पाणी, मध्ये ४८ एकरांचा खडक, आणि त्यात गोडं पाणी, तेही मेमध्ये. वाकून बघा, आत गारवा असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दिला त्यात हा आहे, विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीपण. तेव्हापासून गर्दी वाढली म्हणतात, त्यामुळे सकाळची पहिली होडी पकडा. बाराच्या उन्हात तटावरनं चालणं ही शिक्षा आहे.

स्कूबा. हो, येणारच होता तो विषय. किल्ल्याच्या आसपासचं पाणी उथळ आहे, खाली खडक आणि प्रवाळ, आणि पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो. कानात दडे बसतात, नाक चिमटीत धरून हवा दाबली की सुटतात, हे वरच शिकून घ्या. आणि अंगठा वर करणं म्हणजे मस्त चाललंय असं नाही, त्याचा अर्थ मला वर न्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आनंदाच्या भरात दोनदा अंगठा दाखवला आणि दोनदा वर आलो. चाललंय ठीक म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. खाली प्रवाळावर पाय ठेवू नका, हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ दिसतो दगडासारखा पण असतो जिवंत, तुमचा एक पाय म्हणजे त्याची कित्येक वर्षं. अजून एक, मेच्या मध्यानंतर वारा फिरतो, पाणी ढवळतं आणि खाली हिरवट धुकं दिसतं नुसतं. नीट बघायचं असेल तर एप्रिलपर्यंतच या. दुकानदार हे सांगणार नाही.

तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम, कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा, हे सगळं तुम्ही फोटोत बघितलेलंच आहे. सुंदर आहे, गर्दी आहे, वॉटर स्पोर्ट्सचा आवाज आहे. सकाळी लवकर होडीने निघालात तर डॉल्फिन दिसतात, फक्त होडीवाल्याला आधीच सांगा की मागे लावू नकोस, इंजिन बंद कर आणि थांब. ते आपसूक येतात. एकदा आमच्या शेजारच्या होडीने एका कळपाचा असा काही पाठलाग केला की कळप गेला तो गेलाच, आणि सगळेच परत आलो, नुसते ओले.

(दृश्य: दुपार, सामसूम गल्ली, पंख्याचा आवाज)

दुपारी काही करायचं नाही. खरंच नाही. जेवण, वर सोलकढी, आणि झोप. घाम इतका येतो की पस्तीस डिग्री पंचेचाळीससारखे वाटतात.

झोप येत नसेल तर ज्या घरी उतरलाय त्यांच्या मागच्या पडवीत जा. तिथे हमखास कोणीतरी रातांबे फोडत बसलेलं असेल. रातांबे म्हणजे कोकमाची फळं, लालभडक, एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळ फोडून बिया आणि गर एकीकडे, साल एकीकडे. साल उन्हात, मग त्याच रसात मीठ घालून ती साल बुडवायची, परत उन्हात, परत बुडवायची. असं चार-पाच वेळा केल्यावर काळपट, मऊ आमसूल होतं, जे आपण मुंबईत पाकीट फोडून दोन तुकडे आमटीत टाकतो आणि विसरतो. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, सोलकढी त्याची. सालीच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा पाक. बियासुद्धा टाकत नाहीत, त्यातनं तेल काढतात, ते थिजून पांढरी वडी होते, भेगा पडलेल्या टाचांना लावायची. बसा त्यांच्याबरोबर तासभर, फोडा दोन पाट्या. बोटं लाल होतात आणि तो रंग दोन-तीन दिवस जात नाही. आणि त्या घरातली आई फोडता फोडता दर पाच मिनिटांनी आभाळाकडे बघते, कारण वळवाची एक सर आली की अंगणातलं सगळं वाळवण उचलून आत पळायचं असतं. आली तर तुम्हीही पळा, सूप घ्या हातात.

आंब्याचं सांगायलाच हवं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, देवगड-रत्नागिरी वाद काही मिटला नाही, आणि मी त्यात पडत नाहीये. पण बागेत जाऊन एकदा काढणी बघा. लांब काठीला झेला बांधलेला असतो, त्याला ब्लेड आणि खाली जाळी, आंबा देठासकट कापून जाळीत पडतो. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि आंबा डागतो, म्हणून एवढा जपून. मग गवतात अढी लावतात. आठ-दहा दिवसांनी त्या खोलीचं दार उघडलं की जो वास येतो ना, त्याचं रेकॉर्डिंग करता येत नाही, नाहीतर हा व्हिडिओ इथेच संपवला असता. विकत घेताना कडक आंबा घ्या, घरी नेऊन गवतात घाला, पलंगाखाली चालतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भाव उतरतात, पण कापल्यावर आत पांढरट साका निघायची शक्यता, बघून घ्या.

(दृश्य: संध्याकाळ, ओहोटीचा ओला किनारा, पोरं क्रिकेट खेळतायत)

ऊन कललं की सगळे पाण्याकडे. इथे जरा थांबून ऐका, कारण दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या बीचवरनं वाईट बातमी येतेच.

भरती कधी, ओहोटी कधी हे काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीपण आणि रात्रीपण. अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. तास-दीड तास इकडेतिकडे होतं पण अंदाज पक्का लागतो, कोळ्यांची पोरं हे बोटांवर करतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि मागे सरतंही जास्त. आणि पाणी मागे जात असताना खोलात उतरायचं नाही. गावातला माणूस म्हणाला की पाण्याला ओढ आहे, तर ओढ आहे, तुम्ही शाळेत मेडल मिळवलंय का हा विषयच नाही. चुकून ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल, किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातनं बाहेर पडलात की लाटाच आणून सोडतात.

गाडी वाळूत घालू नका हेपण सांगायचं होतं, पण सांगून उपयोग नाही. दरवर्षी एक चकचकीत एसयूव्ही भरतीत अडकते, दरवर्षी गावातली पोरं दोर लावून ती ओढतात, रापणीची सवय असते त्यांना.

(दृश्य: रात्र, देवळासमोरचं पटांगण, एक बल्ब, आरसा)

रात्री जेवून झोपायचं नाही. गावात दशावतार आहे का विचारा. असेल तर अर्धा तास आधी जा आणि रंगपटात डोकवा, परवानगी घेऊन. पेटाऱ्यावर आरसा टेकवलेला, एक माणूस स्वतःच स्वतःचं तोंड रंगवतोय. दिवसा तो कदाचित शेतावर किंवा दुकानात असेल, आता तो हळूहळू रावण होतोय. शेजारी दुसरा मिशी काढून साडीच्या निऱ्या करतोय, स्त्रीभूमिका पुरुषच करतात, आणि अशी करतात की पहिली दहा मिनिटं तुमचं लक्ष कथेकडे जातच नाही. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, संवाद तिथल्या तिथे. पेटी, मृदंग, झांज, आणि तलवारीचं युद्ध सुरू झालं की पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसतात. पावसाळा लागला की हेही बंद, पेटारे घरी.

उत्तरेला अजून बरंच आहे. मंडणगड तालुक्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, गावातल्या घरांतच उतरायची सोय असते, पण त्यासाठी मार्च-एप्रिल गाठा, मेमध्ये उशीर झालेला असतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची कातळशिल्पं उन्हाळ्यातच नीट दिसतात, गवत नसतं म्हणून. सकाळी सातला जा, तिरप्या उन्हात रेषा उठून येतात, दहानंतर कातळ असा तापतो की चपलेतनं चटका बसतो.

(दृश्य: मे अखेर, ढगाळ आभाळ, रिकामा धक्का)

मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी बंद होते, वॉटर स्पोर्ट्स बंद, १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बाजारात सुक्या मासळीची गर्दी, पिशव्या भरभरून बांगडे आणि गोलमो चाललाय. वारा आता वेगळा आहे, नैऋत्येकडनं, ओलसर.

किनाऱ्यावर तीच सकाळची माणसं दिसतात, पण या वेळी ओढतायत होडीच. खाली ओंडके सरकवतात, एक पुढचा काढून मागे, मागचा पुढे, आणि आरोळी दिली की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. होडी इंच इंच वाळूवरनं माडांखाली येते. वर चुडतांची झापं टाकतात, दोरीने बांधतात. किल्ल्याच्या होडीवरचा माणूस हात पुसत येतो, आमची बॅग बघतो, आमची लाल झालेली बोटं बघून हसतो.

"चललात? बरा. आता गणपतीक येवा."