टोपणात पडलेल्या पेशी

नमस्कार श्रोतेहो.

पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. सुपारी, तंबाखू, चुना. एकदा घोटला की त्यातला चुना तेवढा वेगळा काढून दाखवा म्हटलं तर कुणाला जमायचं नाही. तोच खर्रा खाऊन गालात चट्टा आला, की त्याचा तुकडा तपासायला आमच्याकडे, पॅथॉलॉजीत येतो. रिपोर्टसाठी तो आम्ही मायक्रोस्कोपखालीच बघतो. पण संशोधनासाठी डीएनए काढायचा म्हटला, की बरेचदा आम्हीही तेच करतो. घोटतो!

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यात कॅन्सरच्या पेशी असतात, शेजारी तोंडाचं चांगलं अस्तर असतं, रक्तवाहिन्या, स्नायू, शिवाय झुंजायला आलेल्या पांढऱ्या पेशी. सगळं एकत्र दळलं की उत्तर येतं तेही सगळ्यांचं मिळून. तोंडाच्या कॅन्सरमध्ये टीपी-५३ हे जनुक अनेकदा बिघडलेलं असतं. पण तुकड्यात कॅन्सरच्या पेशीच मूठभर असल्या, तर चांगल्या पेशींच्या गर्दीत तो बिघाड दडून जातो.

म्हणून तांदळातले खडे वेचतात तशा पेशी वेचायच्या. पूर्वी हे मायक्रोस्कोपखाली सुईनं, हातानं करत. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एमर्ट-बक, लिओट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी लेझर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांची युक्ती अशी: सेक्शनवर, म्हणजे त्या तुकड्याच्या स्लाइडवर ठेवलेल्या अगदी पातळ कापावर, प्लास्टिकची पातळ फिल्म लावलेलं टोपण टेकवायचं आणि हव्या त्या पेशीवर अवरक्त लेझरचा ठिपका मारायचा. तेवढीच फिल्म वितळते, पेशीला चिकटते. टोपण उचललं की पेशी सोबत येते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात अतिनील लेझर कात्रीसारखा पेशींभोवती फिरतो. स्लाइड उलटी धरलेली असते, कापलेला तुकडा खाली नळीच्या टोपणात पडतो.

सेक्शन असतो पाच ते दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी. एरवी आम्ही स्लाइडवर वरून पातळ काच चिकटवतो, त्यामुळे चित्र लख्ख दिसतं. इथं काच लावली तर पेशी उचलणार कशा? मग ते चित्र धुरकट दिसतं, आणि त्या धुरकटात कॅन्सरची पेशी कोणती, चांगली कोणती हे ओळखायचं. लेझर सांगितलं तिथं इमानानं कापतो. सांगणाऱ्याचा डोळा चुकला, तर चुकीच्या पेशीसुद्धा तितक्याच सफाईनं कापून देतो. माझ्या मते या तंत्राची खरी परीक्षा इथंच आहे. यंत्राच्या किमतीची चर्चा मात्र जास्त होते.

त्यात आपलं नागपूरचं हवामान. जुलैत हवेतली ओल सेक्शनमध्ये मुरते, पेशी काच सोडत नाहीत. शिकत असताना मी एक अख्खी दुपार कापत बसले होते आणि टोपण रिकामंच! शेवटी स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात सुकवल्या, तेव्हा कुठं काम सुरू झालं. मे महिन्यात उलटीच तऱ्हा. कोरड्या हवेत स्थिर वीज जमते आणि तुकडा टोपणात पडायचा सोडून भलतीकडे उडतो. आरएनए, म्हणजे पेशीनं आपल्या जनुकांची काढलेली तात्पुरती नक्कल, हवा असेल तर घाईही करावी लागते, कारण तो उन्हात ठेवलेल्या दुधासारखा नासतो. शक्यतो अर्ध्या तासात उरकायचं.

आणि मिळतं किती? माणसाच्या एका पेशीत डीएनए साधारण सहा-सात पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. म्हणून शेकडो, कधी हजारो पेशी गोळा कराव्या लागतात, एकेक तुकडा कापत.

कापून झालं की स्लाइडवर नेमक्या त्या आकाराचं भोक उरतं. मग टोपणावर फोकस करून तुकडा पडलाय ना, ते बघायचं. दिसला की नळी बंद करायची आणि वर स्पिरिटनं न पुसणाऱ्या पेनानं लिहायचं. रुग्णाचं नाव नाही, फक्त नंबर.