काकांना विचारलंत का?

सकाळचं परळ. पुलावरून उतरणाऱ्या गर्दीत पांढरे ॲप्रन शोधा, भरपूर सापडतील. कुणी एमबीबीएसचं, कुणी नर्सिंगचं, कुणी फिजिओचं, कुणी ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ एकच, नाशिकचं, कँटीनही एकच, पण वर्गात शेजारी शेजारी बसायची वेळ यांच्यावर सहसा येत नाही. डॉक्टरांचा आयोग वेगळा, नर्सिंगची कौन्सिल वेगळी, आणि स्पीच थेरपीवाले तर १९९२ च्या कायद्याने आलेल्या रिहॅबिलिटेशन (पुनर्वसन) कौन्सिलकडे. मग फाइल घेऊन या डिपार्टमेंटमधून त्या डिपार्टमेंटला फिरायचं कुणी, तर पेशंटने, तेही व्हीलचेअरवरून, आणि लिफ्ट बंद असली की झालंच.

हे कुठे, तर मुंबईत! केईएम हॉस्पिटलमध्ये कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढली ती इथेच, हाजीअलीला अपंगांच्या पुनर्वसनाची मोठी केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे, बांद्र्याला वाचा आणि श्रवणाची अली यावर जंग संस्था आहे. शहरात माणसं सगळी आहेत हो. एका खोलीत नाहीत, एवढंच.

आज मात्र आहेत, अपंगत्वावरच्या एकत्र वर्गाला. चार कोर्सची मुलं, आणि समोर शिकवायला एक काका. काही वर्षांपूर्वी लोकलमधून पडले, मणक्याला मार बसला, छातीच्या खाली काही कळत नाही. त्यांचा पहिलाच दम, "जे विचारायचं ते मला विचारा. ओपीडीत सगळे माझ्या पोराला विचारतात, यांना काय होतंय? अरे, मी काय बाहेर गेलोय का!"

मग केस येते. अशाच एका पेशंटचं व्यायाम करताना अचानक डोकं ठणकतंय, कपाळावर घाम, चेहरा लाल, बीपी एकशेनव्वद. काय कराल? एमबीबीएसवाला लगेच म्हणतो बीपीची गोळी. फिजिओची मुलगी म्हणते, आधी बसतं करूया, आडवं ठेवलं तर बीपी अजून चढेल. ती बरोबर आहे. पण तेवढ्यात नर्सिंगची मुलगी खाली वाकून बघते, तर लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली, पिशवी रिकामी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की भरलेलं मूत्राशयसुद्धा बीपी असं उसळवू शकतं, पोट साफ नसेल तरी तेच, आणि वेळेत कळलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत जातं. नळी सरळ केली की बहुतेकदा बीपी आपोआप उतरायला लागतं. काका हसतायत, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझं तर दोनदा झालंय."

वर्ग गप्प. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण प्रत्येकाने आपापल्या पुस्तकात.

नंतरचा अर्धा तास नुसता काकांना खुर्चीतून पलंगावर घेण्यात जातो आणि तो वाया जात नाही. ब्रेक लावला का, पायाची पट्टी वर केली का, हाताचा दांडा काढला का, आणि कुठून धरायचं ते काकांना विचारलं का? कारण बूड घासत नेलं तर कातडी सोलवटते, काकांना कळतही नाही, आणि ती जखम मग महिनोन् महिने भरत नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात ऑटिझम आहे, थॅलेसेमिया आहे, ॲसिड हल्ल्यातले लोक आहेत. एवढं सगळं एकट्या डॉक्टरने सांभाळायचं म्हणणं मला तरी भाबडेपणाच वाटतो.

अडचणी? टाइमटेबल. नर्सिंगची ड्युटी एका वेळी, एमबीबीएसचं लेक्चर दुसऱ्या वेळी, आणि परीक्षेत मार्क नसले की पोरं येतात तरी कशाला, खरं सांगायचं तर पहिल्यांदा अटेंडन्ससाठीच येतात. पुढच्या वेळी डेंटलवाले येणार आहेत, आणि काकांनी त्यांचा प्रश्न आत्ताच काढून ठेवलाय: तुमच्या त्या खुर्चीवर मला चढवणार कसं, आधी ते दाखवा, दाताचं मग बघू.