कपडे कोण वाळवतं?

माझ्या आजीच्या सोवळ्याच्या लुगड्याला घरातलं कुणी शिवायचं नाही. माजघरात पार आढ्याजवळ एक वलणी टांगलेली होती. आजी ओलं लुगडं काठीच्या टोकावर घ्यायची, एका झटक्यात वलणीवर टाकायची आणि मग त्याच काठीनं एकेक पदर सारून ते मोकळं करायची. सगळा विटाळाचा खटाटोप होता, त्याचं मी कौतुक सांगणार नाही. पण पुढे भौतिकशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की घरातली गरम हवा आढ्याखालीच जमते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते. ऐन पावसाळ्यात लुगडं वाळायला घरात त्याहून चांगली जागा नव्हती.

वर्गात मी विचारायचो, कपडे कशानं वाळतात? सगळी पोरं एका सुरात म्हणायची, ‘उन्हानं!’ उन्हाचा वाटा आहेच, पण श्रेय जरा जास्तच मिळतं त्याला. वाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

थोडा हिशेब करू. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्यात आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. 30 टक्केच धरली, तरी हवेत 21 ग्रॅमची जागा शिल्लक. जुलैतल्या मुंबईत आर्द्रता 85 टक्के धरा. तापमान तेच, पण जागा उरते जेमतेम साडेचार ग्रॅमची. आता दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट, म्हणजे सुमारे 28 घनमीटर हवा. खिडक्या लावून त्यात कपडे वाळत घातलेत, तर ती सगळी हवा मिळून सव्वाशे ग्रॅम पाणी घेईल. पेलाभरसुद्धा नाही! आणि तुमच्या बादलीतल्या कपड्यांत असतं दोन-तीन किलो. म्हणून पावसाळ्यात खिडकी बंद करून नुसता पंखा लावला, की ओली हवा खोलीतच गरगर फिरते. खिडकी उघडी हवी, नाहीतर एक्झॉस्ट.

ड्रायर काय करतो? हीच जागा विजेनं विकत घेतो. हवा तापवली की तिच्यात जास्त वाफ मावते. पाच किलो कपडे यंत्रात चांगले पिळून निघाले, तरी त्यांत तीनेक किलो पाणी राहतं. एक किलो पाण्याची वाफ करायला निसर्गाचा दर सुमारे 0.67 युनिट, म्हणजे तीन किलोला दोन युनिट झाले. साधा ड्रायर वाया जाणारी उष्णता धरून तीनच्या आसपास खातो. हीट पंपवाला वाफेतली उष्णता परत वापरतो, त्याचं बिल कमी येतं. दोरी हेच काम फुकट करते, फक्त तिला वेळ लागतो आणि जागा लागते.

जागेचं दुखणं मोठं आहे. आमच्या सोसायटीनं दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला बंदी केली, कारण ‘बिल्डिंग चाळीसारखी दिसते’. चाळीत वाढलेल्यांनीच हा ठराव मांडला, हे विशेष. अमेरिकेतल्या कित्येक वसाहतींत हीच तऱ्हा. कॅलिफोर्नियात तर 2015 मध्ये कायदा करावा लागला, तेव्हा कुठे भाडेकरूंना आणि अशा वसाहतींतल्या घरमालकांना आपापल्या खासगी आवारात दोरी बांधायचा हक्क मिळाला.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट पाहा. तिथे चिमटे दिसत नाहीत. दोरी दुपदरी, पीळ घातलेली. कापडाचं टोक दोन पदरांत सरकवलं की पीळच ते धरून ठेवतो. शर्ट शर्टाला चिकटत नाही, प्रत्येकाला वारा लागतो. आपण घरी जागा वाचवायला एकावर एक दोन टॉवेल टाकतो आणि दुसऱ्या दिवशी नाक मुरडतो. तो कुबट वास मोराक्सेला नावाच्या जिवाणूची करामत, असं जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. कापड जितका वेळ ओलं, तितकं त्याचं फावतं. इथे मात्र ऊन खरं कामाला येतं, कारण त्यातले अतिनील किरण जंतू मारतात. रंगही तेच उडवतात, म्हणून रंगीत कपडे उलटे करून घाला.

(श्रोत्यांतून एका बाईंचा प्रश्न: दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडक का होतो?)

छान प्रश्न. वाळलेल्या सुतातही पाण्याचा अगदी पातळ थर उरतो आणि तो तंतूंना गोंदासारखा एकमेकांना धरून ठेवतो. ड्रायरमध्ये टॉवेल सारखा आपटत असतो, त्यामुळे ती पकड बसत नाही. वाऱ्यावर फडफडणारा टॉवेल त्यामानानं मऊ राहतो. तेव्हा घालताना दोनदा झटका, काढताना दोनदा झटका. आणि शेजारणीच्या गॅलरीकडे तोंड करून झटकू नका, एवढंच.