अण्णांची शेवटची हीट

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. भट्टी कलते आणि 1400 अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, उतरतं. एका वेळी वितळलेल्या या मालाला हीट म्हणतात.

समोर उभे आहेत ते या फौंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचे, संस्थापक. इथं त्यांना कुणी साहेब म्हणत नाही, सगळ्यांचे ते अण्णा. आज त्यांचा निरोप. तरीही नमुन्याचा तुकडा फोडायला तेच पुढं झालेत. तुटलेली कड पांढरी निघाली तर लोखंड कडक, मशीनवर टूल टिकणार नाही. राखाडी निघाली तर ओतायला हरकत नाही. लॅबचा रिपोर्ट येतोच, पण लॅडलवाले अजून अण्णांची मान हलायची वाट बघतात.

अण्णा घडले कोल्हापूर शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात. कोल्हापूरच्या चहूबाजूंनी ऊस, उसामुळं गुऱ्हाळं, आणि गुऱ्हाळाला लागायचे चरक आणि ऑईल इंजिनं. त्यांच्या दुरुस्तीवर इथली वर्कशॉप वाढली. वर्कशॉपला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हवे, म्हणून फौंड्री उभ्या राहिल्या. जुन्या पिढीतले नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव घेऊन काम शिकणाऱ्यांची ही गल्ली. इथंच एका मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्याच्या, हाताखाली अण्णांनी वाळू ओळखायला शिकून घेतलं. आता नव्या पोराला ते तेच दाखवतायत. मूठ आवळायची, मुटका मधोमध मोडायचा. कडा ढासळल्या नाहीत, तर वाळू जमली.

हा फोटो भाड्याच्या पहिल्या शेडमधला. मागं दिसतोय तो कपोला, कोकवर चालणारी जुनी उभी भट्टी. कोकचा थर, त्यावर लोखंड, चुनखडी, पुन्हा कोक. कपोला रोज पेटत नसे. आठवडाभर साचे भरायचे आणि मग एक दिवस ओतकाम. पण एकदा पेटला की ठरलेला सगळा माल ओतून होईपर्यंत कुणालाच हलता यायचं नाही, मालकालाही नाही. रात्र व्हायची. मग अण्णांच्या घरून भाकरीची बुट्टी आणि रश्श्याचं पातेलं यायचं, आणि सगळे वाळूच्या ढिगाशेजारी एकाच पंगतीत बसायचे. या कारखान्यातला जिव्हाळा कुठल्या धोरणातून आलेला नाही, तो या ओतकामाच्या रात्रींतून आलाय. पुढं विजेची इंडक्शन भट्टी आली, तीन पाळ्या झाल्या, कपोला भंगारात गेला. पंगत मात्र कुणी मोडली नाही. आजही तांबडा-पांढरा वाढायला अण्णाच उभे आहेत.

कारखाना आता नव्या व्यवस्थापनाकडे जातोय. कामगार तेच राहतील, असं सांगण्यात आलं आहे.

कामगारांनी निरोपाला शाल आणली नाही. साच्यांसाठी लाकडी नमुने बनवायच्या पॅटर्न शॉपमध्ये चार संध्याकाळी थांबून त्यांनी लाकडात अक्षरं कोरली, साचा भरला आणि आजच्याच हीटमधून एक पाटी ओतली. साचा फुटतो, वाळू झडते, ओतीव माल साफ करणारा फेटलिंगवाला कडा घासतो. पाटीवर सगळ्यांची नावं आहेत, वॉचमनचंही.

अण्णा आधी पाटी उलटी करून ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेलं छिद्र, शोधतात. एक सापडतं. मोल्डरला जवळ बोलावून दाखवतात. मग सुलटी करून नावं वाचायला लागतात.

पाटी घरी न्यायला ते तयार झाले नाहीत. ती भट्टीसमोरच्या खांबावर लागणार, हे त्यांनीच ठरवलं. ड्रिल मागवलं, चष्मा पुसला आणि भोकांचं माप स्वतः घेतलं.