बिबट्या, ऊस आणि रात्रीची लाइट

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्नरच्या बागायती पट्ट्यात बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी असते : पिंजरा लावा. २००१ नंतर तिथे पिंजरे लागलेही. उसातून धरलेले बिबटे लांब जंगलात नेऊन सोडले. हल्ले थांबतील असं वाटत होतं, पण ते वाढले. वर्षाला सरासरी चार होते, ते सतराच्या घरात गेले. जिथे बिबटे सोडले, त्या भागातही माणसांवर हल्ले होऊ लागले.

पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. तेही शेतशिवारात, जिथे एका चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात! विष्ठा तपासली, तर खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नव्हते, इथलेच होते.

इथवर प्राणिशास्त्र पुरतं. पण बिबट्या रात्री फिरतो, तर शेतकरी रात्री उसात का असतो? त्याला विचारा. पंपाला लाइट बऱ्याचदा रात्रीची येते, दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जावंच लागतं. हे उत्तर कॅमेऱ्यात सापडत नाही, बांधावर बसून ऐकावं लागतं. म्हणून बिबट्याच्या भागात दिवसा वीज द्या, ही मागणी मला वन्यजीव संरक्षणाचीच मागणी वाटते.

पालघर, ठाणे, मुंबई उपनगर या भागात अभ्यासकांनी वाघोबा या देवाची दीडशेहून अधिक ठाणी, म्हणजे देवस्थानं, नोंदवली. वारली माणसाची शेळी बिबट्या नेतो, तिथेही नुकसान होतंच. तरी वाघबारशीच्या सणाला तो वाघोबाची पूजा करतो. हे नातं सरकारी योजनेने तयार होत नाही, मात्र योजना आखताना त्याचा विचार न केल्यास ते तुटू शकतं.

आणि ऊसतोड कामगार? तोड चालू असताना फडात बिबट्याची पिलं सापडतात. ती तिथेच खोक्यात ठेवली, माणसं बाजूला झाली, की बहुतेकदा रात्री आई येऊन घेऊन जाते. त्यासाठी तिथली तोड थांबवावी लागते. टोळीला मजुरी टनावर, म्हणजे तेवढी कमाई बुडते. पिंजऱ्यावर खर्च करतो तसा या बुडालेल्या मजुरीवरही करायला हवा, आणि तो टोळीच्या हातात त्याच आठवड्यात पडायला हवा.