पाण्याची पातळी एक, भरपाई वेगळी

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात मोबाइलवर इशारा येतो, 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका.' सल्ला चुकीचा नाही. पण ज्याचं पोट रस्त्यावरच्या कामावर आहे, त्याची घरी बसला की मजुरी बुडाली. आणि घर तरी कसलं? वर पत्रा. भर दुपारी पत्र्याखाली बसण्यापेक्षा बाहेर झाडाखाली बसणं परवडतं. झाड असेल तर!

बदलत्या हवामानासाठी शहरं आता तयारीला लागली आहेत. कुठे समुद्राला भिंती, कुठे मोठे नाले, कुठे झाडं. तयारी हवीच. मला खटकतो तो तिच्यामागचा हिशेब.

२००५ साली कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स बुडालं. घरं पुन्हा उभी करायला 'रोड होम' नावाची सरकारी योजना आली. वादळाआधीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतली कमी असेल ती रक्कम धरून अनुदान. वाचायला किती सरळ! आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. तेवढ्याच खोल्या, छातीइतकं पाणी दोन्हींत, दुरुस्तीचा खर्चही सारखा. एक गोऱ्यांच्या वस्तीत, दुसरं काळ्यांच्या. वस्तीमुळे दुसऱ्याची किंमत बाजारात आधीच पडलेली, म्हणून अनुदानही कमी. विटा-सिमेंटचा दर मात्र दोघांना एकच. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ साली तडजोड झाली. तोवर सहा वर्षं लोटली होती. या नियमात कुणाच्या रंगाचा उल्लेखही नव्हता, हे लक्षात घ्या. तरी भेदभाव व्हायचा तो झालाच.

पूरनियंत्रणातही पुष्कळदा हेच गणित चालतं. भिंतीवर होणाऱ्या खर्चातून किती मालमत्ता वाचेल, हे पाहिलं जातं. महागड्या इमारती असतील तिथे भिंत 'परवडते', झोपडपट्टीपाशी परवडत नाही. शिवाय नदीला एका काठावर भिंत घातली म्हणून पाणी नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या काठावर जातं, नाहीतर खाली सरकतं. तिथे कोण राहतं, हे नकाशावर दिसत नाही.

उष्णतेचं आणखी वेगळं. पूर निदान दिसतो. उन्हाचे बळी बंद दारांआड जातात. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, आणि नेहमीपेक्षा सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत एकटे राहणारे म्हातारे फार. पण मला विचारात पाडलं ते दोन शेजारच्या वस्त्यांनी, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटी राहणारी वृद्ध माणसं. तरी पहिलीत मृत्यू कितीतरी जास्त. तिथली दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, रस्त्यावर गुंडगिरी. भीतीपोटी म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून बसली. दुसरीकडे रस्ता गजबजलेला. म्हातारी माणसं दुकानाच्या निमित्तानं बाहेर पडत, एखादी दिसली नाही तर कुणीतरी चौकशी करी. गजबजाटाला आपण एरवी नावं ठेवतो, ते सोडा. इथे त्यानं जीव वाचवले.

काही उपाय अगदी साधे असतात. २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतांना पांढरा रंग देण्याचं कामही झालं. पांढरं छत ऊन परतवतं, खोली थोडी निवते. पण घर भाड्याचं असेल तर रंग कुणी लावायचा? आणि खोली सुधारली म्हणून मालकानं भाडं वाढवलं तर?

असे प्रश्न ज्यांना पडतात, ती माणसं आराखड्याच्या सुनावणीला क्वचितच दिसतात. सुनावणी कामाच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवलेली असते. त्या वेळी ती कामावर असतात. तुमच्या शहरात अशी सुनावणी लागली, तर आधी तिची वेळ बदलून मागा. संध्याकाळी सात चालेल. नमस्कार.